थोड्या वस्तू, रोजचा नेम : लहान मुलांच्या इसबाचा आढावा

बाळाच्या गालांवर खरखरीत, लालसर चट्टे उमटले आणि ते रात्रभर गाल उशीला घासू लागले, की घरात सल्ल्यांना तोटा राहत नाही. आजी साय आणि डाळीचे पीठ सुचवते, मालीशवाल्या मावशी मोहरीचे तेल, शेजारीण कडुनिंबाचा पाला घालून उकळलेले पाणी, औषध दुकानदार एखादी ट्यूब, आणि जाहिराती 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या बाटल्या. बघता बघता न्हाणीघरातली फळी भरून जाते, आणि बाळाची खाज मात्र होती तिथेच राहते.

इसब असलेल्या बाळाच्या अंगाला रोज काय लावावे, कशाने न्हाऊ घालावे आणि काय टाळावे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांवर गेल्या वीस वर्षांत मोठ्या, काटेकोर चाचण्या झाल्या आहेत. त्यांतून निघणारे उत्तर आईबापांना दिलासा देणारे आहे. लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत आणि त्या स्वस्तातल्या चालतात. पण त्या रोज आणि सढळ हाताने वापराव्या लागतात, आणि आजार उसळला की औषधाला घाबरून चालत नाही. या लेखात त्या पुराव्याचा आढावा आपल्या घरांतल्या सवयींच्या संदर्भात घेतला आहे.

आजार नेमका काय आहे

लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या इसबाला डॉक्टर 'अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस' म्हणतात. हे नाव १९३३ साली अमेरिकेतल्या वाइज आणि सुल्झबर्गर या त्वचारोगतज्ज्ञांनी रूढ केले. निदानाचे निकष हनिफिन आणि रायका यांनी १९८० मध्ये मांडले, आणि थोड्याफार फरकाने ते आजही वापरात आहेत. खाज, वारंवार उलटणारे चट्टे, कोरडी त्वचा, ठरावीक जागा आणि घरात इसब, दमा किंवा सततच्या सर्दी-शिंकांचा इतिहास, ही त्यातली मुख्य लक्षणे.

वयानुसार जागा बदलतात. तान्ह्या बाळात गाल, कपाळ, टाळू आणि हातापायांचा बाहेरचा भाग यांवर चट्टे येतात. लंगोटाखालचा भाग बहुधा सुटतो. दोन वर्षांनंतर कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घड्या, मनगटे, घोटे आणि मान इथे आजार मुक्काम करतो. परदेशी पुस्तकांत लालभडक त्वचेची चित्रे असतात. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या बाळांत तोच दाह तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो, आणि पुष्कळदा चट्ट्याऐवजी बारीक पुळ्यांची खरखर हाताला लागते. म्हणून डोळ्यांइतकाच बोटांच्या स्पर्शावरही विश्वास ठेवावा.

कारणाचा मोठा उलगडा २००६ मध्ये झाला. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या आयरिश सहकाऱ्यांनी दाखवून दिले की फिलॅग्रिन नावाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांना इसब होण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्वचेचा सर्वांत वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवणे हे या प्रथिनाचे काम. ते कमी पडले की त्वचेतले पाणी बाहेर उडून जाते, आणि साबण, धूळ, जंतू, अन्नाचे कण आत शिरतात. मग शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळते, खाज सुटते, खाजवल्याने त्वचा आणखी फाटते आणि चक्र सुरू होते. इसबाच्या प्रत्येक मुलात हा जनुकीय दोष सापडत नाही, पण त्वचेचा हा कमकुवतपणा मात्र जवळजवळ सगळ्यांत दिसतो.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. इसब 'रक्त खराब' झाल्याने किंवा आईच्या खाण्यातल्या उष्णतेने होत नाही. आणि तो संसर्गजन्य नाही. पाळणाघरात किंवा अंगणवाडीत अशा मुलाला वेगळे बसवण्याचे काहीही कारण नाही. नेहमीच्या लसीही त्याला वेळेवरच द्याव्यात.

मुलांच्या दमा-अ‍ॅलर्जीवरील 'आयझॅक' या जागतिक पाहणीत सहा-सात वर्षांच्या मुलांमधले इसबाचे प्रमाण भारतातल्या केंद्रांत सर्वांत कमी, सुमारे ०.९ टक्के, तर इक्वेडोरमध्ये सर्वांत जास्त, २२.५ टक्के आढळले होते. पण आपल्याकडे प्रमाण कमी असले तरी ज्या घरात हा आजार येतो, त्या घरातली झोप जातेच.

आधी इसबच आहे ना, ते पाहावे

खाज सुटली म्हणजे इसबच, असे नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त गल्लत खरजेशी होते. घरातल्या इतरांनाही खाज असेल, रात्री ती वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, तान्ह्या बाळाच्या तळव्यांवर पुरळ असेल, तर खरूज असण्याची शक्यता मोठी. तिचे औषध वेगळे, आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचे असते. कडा उठलेला, गोलाकार पसरणारा चट्टा गजकर्णाचा असू शकतो. मुंबई-कोकणातल्या दमट उन्हाळ्यात उठणारी घामोळी ही आणखी तिसरी गोष्ट. त्यामुळे पहिल्यांदा चट्टे उठले की एकदा तरी बालरोगतज्ज्ञाला किंवा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून खात्री करून घ्यावी.

एक भीती मुद्दाम दूर करायला हवी. इसब शांत झाल्यावर त्या जागी फिकट पांढरे डाग राहतात आणि घरचे कोडाच्या धास्तीने हवालदिल होतात. दाह शमल्यावर त्वचेचा रंग काही काळ उतरतो, त्याचे हे डाग असतात. दाह पुन्हा होऊ दिला नाही तर काही महिन्यांत रंग आपोआप परततो. दुधासारखा पांढरा आणि स्पष्ट कडेचा डाग दिसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावा.

अंघोळ : किती, कशी, कशाने

आपल्याकडे बाळाची अंघोळ हा सोहळा असतो. भरपूर तेल, जोरकस मालीश, कढत पाणी, डाळीच्या पिठाने चोळणे आणि शेवटी धुरी. निरोगी बाळ हे सगळे बहुधा सोसते. इसबाच्या बाळाला यातली जवळजवळ प्रत्येक पायरी जाचते. कढत पाण्याने त्वचेतला स्निग्ध अंश निघून जातो आणि खाज वाढते, चोळल्याने आधीच नाजूक असलेला थर खरवडला जातो, आणि धुरीचा धूर त्वचेला आणि श्वासाला, दोन्हींना त्रास देतो.

पाणी कोमट असावे, अंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपावी, आणि नंतर मऊ सुती कापडाने अंग टिपून घ्यावे. रोज न्हाऊ घालावे की दिवसाआड, यावर डॉक्टरांत पूर्वीपासून मतभेद होते. आजचा पुरावा एवढेच सांगतो की अंघोळ किती वेळा यापेक्षा ती कशी आणि तिच्यानंतर काय लावले, हे महत्त्वाचे. घामाच्या दिवसांत रोजची अंघोळ बरी, विदर्भातल्या कोरड्या थंडीत एखादा दिवस वगळला तरी बिघडत नाही.

साबणाबद्दल एक रासायनिक वस्तुस्थिती लक्षात ठेवावी. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू साधारण ४.५ ते ५.५. तेलावर अल्कलीची क्रिया करून बनवलेल्या खऱ्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या आसपास जातो. मग तो महागडा असो, 'बेबी' म्हणून विकला जात असो किंवा घरी हाताने बनवलेला असो. वेष्टनावर छापलेले टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध अंश, साबणाची प्रत सांगते. तो इसबाच्या त्वचेला सौम्य आहे याची हमी देत नाही. साबणाऐवजी सिंडेट, म्हणजे खरा साबण नसलेली सौम्य वडी, किंवा वास नसलेले सौम्य क्लिन्झर वापरावे. तेही अंगभर लागत नाही. काखा, जांघा, मानेच्या घड्या आणि मळलेले हातपाय एवढ्यांनाच पुरते. बाकी अंगाला पाणी पुरे.

अंघोळीच्या पाण्यात घालायची खास तेले इंग्लंड-वेल्समध्ये वर्षानुवर्षे डॉक्टर लिहून देत असत. 'बाथ' या चाचणीत ४८२ मुलांवर त्यांचा वर्षभर अभ्यास झाला. २०१८ मध्ये निकाल आला तो असा की अंगाला लावायच्या नेहमीच्या मॉइश्चरायझरच्या जोडीला ही तेले वापरून काहीच जादा फायदा होत नाही. पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचे तेच. बोअरवेलच्या जड पाण्याला दोष देणारी घरे मराठवाड्यात आणि पुण्याच्या उपनगरांत पुष्कळ आहेत. जड पाण्याच्या भागांत इसबाचे प्रमाण जास्त दिसते हे खरे, पण इंग्लंडमधल्या ३३६ मुलांवरील चाचणीत घरी मृदुजल यंत्र बसवूनही इसब अधिक बरा झाला नाही. तो खर्च वाचवावा.

मॉइश्चरायझर : कोणते, यापेक्षा किती

इसबाच्या रोजच्या काळजीत एकच गोष्ट सांभाळता येणार असेल तर ती हीच. वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या 'कोक्रेन' संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७७ अभ्यास तपासले गेले. मॉइश्चरायझर नियमित लावल्याने आजार उसळण्याचे प्रसंग कमी होतात, दोन प्रसंगांमधला काळ लांबतो आणि स्टेरॉइड मलम कमी लागते, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग सर्वांत चांगले कोणते? या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बी' या इंग्लिश चाचणीने दिले. सहा महिने ते बारा वर्षे वयाच्या ५५० मुलांना लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम या चार प्रकारांपैकी एक देऊन पाहिला. चारही सारखेच उपयोगी ठरले. म्हणजे आईबापांना निवडीचे स्वातंत्र्य आहे, आणि जे मूल लावू देते ते उत्तम. मुंबईच्या चिकट हवेत घट्ट मलमाखाली घाम कोंडतो, तिथे क्रीम किंवा लोशन बरे. नाशिक-नागपूरच्या हिवाळ्यात किंवा भेगाळलेल्या त्वचेला घट्ट मलम बरे. त्यात पाणी नसल्याने झोंबतही कमी आणि परिरक्षक रसायनांची गरजही बहुधा पडत नाही.

साधी पेट्रोलियम जेली, जिचे पेटंट रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये घेतले, आजही त्वचेतून उडणारे पाणी रोखण्यात अत्यंत प्रभावी आहे. तिच्यात वास नाही, वनस्पतींचे अर्क नाहीत, आणि ती स्वस्त आहे. व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन असलेली साधी क्रीमही औषध दुकानांत मिळतात. सिरॅमाइड असलेली महाग क्रीम चांगली असतात, पण परवडत नसतील तर मुलाचे काही अडत नाही.

आपल्या घरांत खरी उणीव असते ती प्रमाणाची. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शिका इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागेल असे सांगते. तान्ह्या बाळाला याहून कमी पुरते, पण आपल्याकडे पन्नास ग्रॅमची ट्यूब महिना-महिना चालते, आणि मग 'लावून पाहिले, उपयोग झाला नाही' असे ऐकू येते. शंभर ग्रॅमची महागडी ट्यूब जपून वापरण्यापेक्षा मोठा स्वस्त डबा भरपूर वापरणे हे शास्त्राला आणि खिशाला, दोन्हींना धरून आहे.

दिवसातून किमान दोनदा, आणि अंघोळीनंतर अंग टिपल्याबरोबर, त्वचा ओलसर असतानाच लावावे. चट्ट्यांपुरते न थांबता अंगभर लावावे. लव ज्या दिशेने वळते त्या दिशेने हलक्या हाताने पसरवावे. रगडून जिरवू नये, त्याने केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. डब्यात बोटे घालण्याऐवजी स्वच्छ चमच्याने काढावे, म्हणजे जंतू जात नाहीत. लावण्याआधी हात धुवावेत. स्वयंपाकाचे, शेंगदाण्याच्या कुटाचे हात तसेच बाळाच्या फाटलेल्या त्वचेला लागू नयेत. कारण पुढे येईल. आणि पॅराफिन किंवा तेल मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, म्हणून अशा बाळाला शेगडी, समई आणि दिवाळीतल्या फुलबाज्यांपासून लांब ठेवावे.

इथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. इसब होऊच नये म्हणून जन्मापासून मॉइश्चरायझर लावण्याची कल्पना काही वर्षे मोठ्या आशेने मांडली जात होती. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या १,३९४ बाळांवरील 'बीप' आणि नॉर्वे-स्वीडनमधल्या २,३९७ बाळांवरील 'प्रिव्हेंट अ‍ॅडॉल' या दोन चाचण्यांनी दाखवले की त्याने आजार टळत नाही. 'बीप'मध्ये त्वचेचे संसर्ग उलट थोडे वाढलेले आढळले. सुरू झालेल्या आजाराला मॉइश्चरायझर आवर घालते. निरोगी बाळाला इसबाच्या भीतीने ते थापत बसण्याची गरज नाही.

तेल, उटणे आणि घरगुती उपाय

मालीश हा आपल्या बाळसंगोपनाचा जिव्हाळ्याचा भाग. तो सोडा असे म्हणण्याची गरज नाही. मात्र तेल निवडून घ्यावे.

मोहरीचे तेल इसबाच्या बाळाला लावू नये. ते त्वचेला झोंबते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने त्वचेचा थर भरून येण्यास उशीर झाला. ऑलिव्ह तेलाची प्रतिष्ठा मोठी, पण इंग्लंडमध्ये सायमन डॅन्बी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रौढांवर केलेल्या अभ्यासात त्याने त्वचेचा थर कमकुवत केला; सूर्यफुलाच्या तेलाने केला नाही. पुढे नवजात बाळांवरच्या एका अभ्यासात सूर्यफूल तेलही त्वचेतल्या स्निग्ध थरांची नैसर्गिक जडणघडण मंदावते असे दिसले. म्हणून कोणतेही तेल मॉइश्चरायझरची जागा घेते असे मानू नये.

कोकण-गोव्यातल्या घरांना सोयीचा पुरावा खोबरेल तेलाचा आहे. फिलिपीन्समध्ये सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालानुसार, व्हर्जिन खोबरेल तेलाने इसबाची तीव्रता खनिज तेलापेक्षा जास्त उतरली. ही एक छोटी चाचणी आहे आणि ती शुद्ध, गरम न करता काढलेल्या तेलाची आहे. केसांसाठी मिळणारे, कापूर-सुगंध घातलेले तेल यात बसत नाही. शुद्ध खोबरेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. लस येत असेल किंवा चट्टे ताजे असतील तर मालीश थांबवावे.

डाळीचे पीठ, मसुराचे पीठ, साय, बदाम, हळद यांच्या बाबतीत मात्र सल्ला ठाम आहे: इसबाच्या त्वचेवर ते नकोत. पिठाचे कण खरवडतात, हे एक. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अन्नाची पहिली ओळख पोटातून झाली तर शरीर ते बहुधा आपलेसे करते. फाटलेल्या त्वचेतून झाली तर त्याच अन्नाची अ‍ॅलर्जी होऊ शकते. लंडनचे डॉ. गिडियन लॅक यांनी २००३ मध्ये दाखवले होते की शेंगदाणा तेल असलेली क्रीम बाळपणी लावलेल्या मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त होती. जपानमध्ये गव्हाचे प्रथिन घातलेला चेहऱ्याचा साबण वापरून दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली आणि २०११ मध्ये तो बाजारातून काढून घ्यावा लागला. आजीचे प्रेम खरे आहे. तेच डाळीचे पीठ बाळ मोठे झाल्यावर धिरड्यातून त्याच्या पोटात जाऊ द्यावे.

कडुनिंबाचा काढा, कोरफडीचा ताजा गर, तुळशीचा रस यांनाही हाच विचार लागू. यांतले काही निरोगी त्वचेला चालते, पण उघड्या चट्ट्याला झोंबते किंवा त्यातून अ‍ॅलर्जी होते.

वेष्टनावर काय वाचावे

'नैसर्गिक', 'हर्बल', 'हायपोअ‍ॅलर्जेनिक', 'डॉक्टरांनी तपासलेले' या शब्दांनी खरेदी ठरवू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' या शब्दासाठी कायदेशीर व्याख्या नाही. अमेरिकेत सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या मॉइश्चरायझरांच्या २०१७ मधल्या एका तपासणीत असा दावा करणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांत अ‍ॅलर्जी आणू शकणारा किमान एक घटक सापडला, आणि 'सुगंधविरहित' म्हणवणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांत सुगंधाशी नाते असलेला घटक किंवा वनस्पतीचा अर्क होता.

दर्शनी बाजू सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत. घटकांची यादी जितकी लहान तितके बरे. फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम, लॅव्हेंडर-टी ट्रीसारखी सुगंधी तेले, आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक दिसले तर वस्तू परत ठेवावी. अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत या परिरक्षकाला युरोपीय संघाने २०१७ पासून बंदी घातली आहे. सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटकही टाळावा. ब्रिटनमध्ये पिढ्यानपिढ्या वापरलेल्या 'अ‍ॅक्विअस क्रीम'मध्ये तो असल्याने अंगावर तसेच ठेवल्यास त्वचा झोंबते, असा इशारा तिथल्या औषध नियामकाने २०१३ मध्ये दिला. बेबी पावडरची गरज नाही. आणि कोणतीही नवी वस्तू आधी हाताच्या आतल्या बाजूला छोट्या जागी दोन-तीन दिवस लावून पाहावी. एका वेळी एकच नवी वस्तू आणावी.

कपडे, घर आणि खाणे

अंगालगत मऊ, सैल सुती कपडा असावा. लोकरीची टोपडी, कुंच्या आणि स्वेटर थेट अंगावर नकोत. आत सुती झबले घालावे. नवा कपडा एकदा धुऊनच घालावा, धुण्याची पावडर पूर्ण निघेल इतके खळबळावे, सुगंधी फॅब्रिक कंडिशनर टाळावा. इसबासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खास रेशमी कपड्यांवर पैसे घालू नयेत. इंग्लंडमधल्या ३०० मुलांवरील 'क्लोद्स' चाचणीत २०१७ मध्ये त्यांचा फायदा दिसला नाही. नखे कापलेली ठेवावीत, घाम आला की पुसून कपडे बदलावेत, आणि उदबत्ती, मच्छरकॉइल व सिगारेट यांचा धूर बाळाच्या खोलीत नसावा.

खाण्याबद्दल सर्वांत जास्त नुकसान गैरसमजातून होते. इसब दिसला की दूध, अंडी, गहू, आंबट बंद. स्तनपान करणाऱ्या आईचेही निम्मे ताट बंद. तीव्र इसब असलेल्या काही तान्ह्या बाळांना खरोखर अन्नाची अ‍ॅलर्जी असते, आणि एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे ही तिची चिन्हे. तसे झाले तर तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. पण अंदाजाने पदार्थ तोडले तर मुलाची वाढ खुंटते, आणि बराच काळ बंद ठेवलेला पदार्थ पुन्हा दिल्यावर गंभीर प्रतिक्रिया येण्याचा धोका वाढतो. २०१५ च्या 'लीप' चाचणीत, तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना लहानपणीच शेंगदाण्याचे पदार्थ देण्यात आले, त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी आढळली. वरचे अन्न वेळेवर सुरू करणे हेच संरक्षण आहे.

औषधाची भीती आणि औषधाचा गैरवापर

सौम्य वस्तूंची हद्द इथे संपते. दाह पेटला, त्वचा लाल-जाड झाली, झोप गेली, की मॉइश्चरायझर एकटे पुरत नाही. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसब शमवला, तेव्हापासून स्टेरॉइड मलम हे या आजाराचे मुख्य औषध आहे. योग्य तीव्रतेचे, योग्य जागी, ठरलेल्या दिवसांपुरते लावले तर ते सुरक्षित आहे. २०२२ च्या कोक्रेन आढाव्यात त्वचा असाधारण पातळ होण्याचे प्रमाण सुमारे एक टक्का आढळले, आणि त्यातले बहुतेक प्रसंग जास्त तीव्र मलमांचे होते. तीव्र मलम दिवसातून एकदा लावले तरी दोनदा लावण्याइतकाच गुण येतो, हेही त्यातच दिसले.

माप सोपे आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. घाबरून मूगभर लावल्याने चट्टा अर्धवट राहतो, पुन्हा पेटतो आणि एकूण औषध जास्तच लागते. चेहरा आणि घड्यांसाठी डॉक्टर टॅक्रोलिमस किंवा पायमेक्रोलिमस ही स्टेरॉइड नसलेली मलमे देतात. २,४१८ बाळांवर पाच वर्षे चाललेल्या अभ्यासात पायमेक्रोलिमस आणि सौम्य स्टेरॉइड, दोन्ही सुरक्षित ठरली. चट्टे त्याच जागी पुन्हा पुन्हा येत असतील तर ती जागा शांत असतानाही आठवड्यातून दोन दिवस औषध लावण्याची पद्धत आहे. ती डॉक्टरांकडून समजून घ्यावी. 'वरून दाबले की आजार आत जातो आणि दमा होतो' या समजुतीला आधार नाही. इसबाच्या काही मुलांना पुढे दमा होतो तो त्याच अ‍ॅलर्जीच्या प्रवृत्तीमुळे, मलमामुळे नव्हे. आणि झोप आणणारे खाजेचे सिरप रोज पाजून इसब बरा होत नाही.

याच्या उलट टोकाला आपल्या देशातला दुसरा धोका उभा आहे. तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची मिश्र मलमे औषध दुकानात चिठ्ठीशिवाय हातोहात मिळतात. त्यांनी दोन दिवसांत बरे वाटते, मग त्वचा पातळ होते, गजकर्ण लपून फोफावते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सातत्याने आवाज उठवल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री बेकायदा ठरली. 'वनौषधी' म्हणवणाऱ्या निनावी डब्यांपासूनही सावध राहावे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये मुलांच्या इसबासाठी वापरल्या जाणाऱ्या अशा २४ क्रीमांची तपासणी झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी २० मध्ये लपवलेले स्टेरॉइड निघाले. घटक न छापलेले, चमत्कारासारखा गुण देणारे क्रीम बाळाला लावूच नये.

काही लक्षणांत वाट पाहायची नसते. चट्ट्यांवर पिवळी खपली, पू किंवा लस आणि सोबत ताप असेल तर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. छिद्र पाडल्यासारखे एकसारखे बारीक, दुखरे फोड अचानक पसरले आणि बाळ मलूल झाले, तर तो हर्पिसचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नेटाने उपचार करूनही तीव्र इसब आवरत नसेल तर आज नवी औषधेही आहेत. डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०२२ पासून सहा महिन्यांवरील बाळांसाठी मान्य आहे. फार थोड्या मुलांना ते लागते, पण मार्ग संपलेला नाही हे आईबापांना ठाऊक असावे.

निवाडा

सगळा पुरावा एकत्र ठेवला तर घरची यादी अगदी लहान होते: एक सौम्य, वास नसलेले क्लिन्झर, एक साधे मॉइश्चरायझर, मोठ्या डब्यात, सुती कपडे, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले एक मलम, ते कधी, कुठे, किती दिवस लावायचे हे कागदावर स्पष्ट लिहिलेले. बाकीचे बहुतेक सारे खर्चाचे आहे, काही तर अपायाचे.

हा आजार एका उपायाने कायमचा जात नाही, पण बहुतेक मुलांत वयाबरोबर निवळत जातो, आणि तोवर त्याला ताब्यात ठेवणे सामान्य घराच्या आवाक्यात आहे. हे काम एकट्या आईच्या माथी मारू नये. बाबांनी, आजी-आजोबांनी, पाळणाघरातल्या ताईंनी मॉइश्चरायझर लावण्याची पाळी वाटून घ्यावी. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिताना दोन मिनिटे थांबून प्रमाण दाखवावे. औषध दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय मिश्र मलम देणे थांबवावे. आणि इसबाचे मूल दिसल्यावर 'हे लावून बघा' म्हणण्याआधी आपण सर्वांनीच त्या आईबापांना एवढेच विचारावे, की रात्री झोप होते ना, आणि आम्ही काही हातभार लावू का?